रिकाम्या जागेला आवाज देणारे बाबूजी

घर नाही, दार नाही, कुंपण नाही. नुसता प्लॉट. त्या प्लॉटच्या कडेला बाबूजी चप्पल काढायचे, छत्री बगलेत धरायचे आणि मोठ्यानं आवाज द्यायचे, "कोनी हाये का वो?"

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस कामातून गेला. समोर रुईची दोन झुडपं आणि एक झोपलेलं कुत्रं. कोण असणार? पण बाबूजी थांबायचे. पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून होईल इतका वेळ. आणि चमत्कार असा की कोणी ना कोणी यायचंच. शेजारच्या घरातून, मागच्या गल्लीतून, पदराला हात पुसत एखादी बाई यायची. "काय वो बाबूजी, काय काम काहाडलं?"

मग पाटावर बसणं, चहा, पोराबाळांची चौकशी. एका प्लॉटला अर्धा दिवस.

तुम्ही कधी एखाद्या कागदासाठी सरकारी कचेरीत हेलपाटे घातले असतील, तर असा माणूस तुम्हालाही भेटलेला असेल. वाईट नसतो. लाच मागत नाही. खोटं बोलत नाही. फक्त तुमचं आयुष्य त्याच्या टेबलापाशी अडून राहतं आणि तो म्हणतो, "बसा, चहा घ्या."

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. अहेरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे, एवढं पुरे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा पाटी बदलली, शिक्का बदलला, बाबूजी खुर्चीसकट तिथेच राहिले. बांधकाम विभागात लिपिक. मुख्याधिकारी येत, जात. इंजिनिअर येत, जात. "जागा पाहून या" म्हटलं की छत्री उचलायची ती बाबूजींनीच.

बेघरांसाठी भांडणारी आमची एक समिती होती, तिची पत्रकं मी लिहायची. पहिलं पत्रक घरकुलावर होतं. घरकुल मिळतं कोणाला? ज्याच्याकडे स्वतःची जागा आहे त्याला. जागा नाही, तर घरकुलही नाही. "ज्याच्या अंगणात विहीर, त्यालाच तहान लागावी, असा हा कायदा आहे," असं मी लिहिलं होतं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. पत्रक घेऊन मी बाबूजींच्या टेबलापाशी उभी राहिले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला, मग बोटांत धरून चाचपला.

"कागद जाडा हाये," ते म्हणाले. "मांगून कोरा हाये. आखीन असतीन तं दे."

माझ्या क्रांतीच्या पाठीवर त्या दिवसापासून ते टिपणं काढायला लागले. प्रत्येक प्लॉटचा हातानं काढलेला नकाशा, बाजूला बारीक अक्षरं. मला सर्वांत जास्त संताप याचा यायचा.

आता रेहाना आपाबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्या घरासाठी चाललं होतं. निदान माझ्यासाठी तरी.

आपा बाजारातल्या एका भाड्याच्या खोलीत राहायची. पुढं शिलाई मशीन, मागं चूल, मधे दोन मुली. नवरा घुग्घुसला ट्रकच्या गॅरेजमध्ये. पंधरा दिवसांनी एकदा यायचा, तोही खोकत. अर्ध्या गावाचे ब्लाऊज आणि शाळेचे सगळे गणवेश आपाच्या मशीनवर शिवले जायचे. घरमालकानं सांगून ठेवलं होतं, दिवाळी झाली की खोली खाली करा, मुलाचं लग्न आहे.

नगरपंचायतीनं अशा बेघरांसाठी योजना आखली होती. कुठे? नदीच्या पलीकडे, जंगलाला लागून, गावापासून तासाभराच्या पायवाटेवर. तिथं सरकारी जमीन होती सलग. एक नकाशा, एक टेंडर, उद्घाटनाचा एक फोटो. पूल पावसात बुडतो आणि दिवस कलला की वाघाच्या भीतीनं तिकडं कोणी फिरकत नाही, हे कागदावर कुठेच नव्हतं.

आपानं ऐकलं आणि दातातला दोरा तोडत म्हणाली, "तिथी ब्लाऊज कोन शिवून घेइन मह्यापासून? वाघ?"

आमची मागणी साधी होती. गावातल्या गावात बांधा. दोन घरांमधे, गल्लीच्या टोकाला, बाजाराच्या मागे मोकळे तुकडे पडलेत. तिथं दोन खोल्या, न्हाणी, संडास, पुढं पैसे आले तर वर चढायला जिना. रस्ता आहे, नळ आहे, खांब आहे, शाळा आहे. मुख्याधिकाऱ्यांनी आमचं ऐकून घेतलं, हे कबूल करते. म्हणाले, "मोकळ्या जागांची यादी द्या. प्रत्येक जागेवर बाबूजींचा शेरा हवा. पोळ्यानंतरच्या सभेत ठेवू. नाही आली तर नदीपलीकडचा प्रस्ताव मंजूर."

मी दोन दिवसांत यादी केली. मे महिना होता. मोबाईलवर वरून दिसणारं गाव उघडलं, छपरं सोडून जे पांढरं दिसलं त्यावर लाल ठिपका. एकेचाळीस ठिपके! एकेचाळीस घरं! रंगीत प्रिंट काढली आणि बाबूजींच्या टेबलावर आपटली.

त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे उन्हाळ्यातलं चित्र हाये नं?"

"हो. मग?"

"पावसाळ्यात पाहू."

"पावसाळ्यात का? जागा काय उन्हाळ्यात वेगळी असते?"

"असते," ते म्हणाले, आणि प्रिंट घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली.

मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं. मथळा: 'बेघरांनी पावसाळ्याची वाट पाहावी, बाबूजींना घाई नाही!' चौकात वाटलं, नगरपंचायतीच्या फाटकावर चिकटवलं. बाबूजी दुपारी आले, उभं राहून वाचलं आणि मला म्हणाले, "धा-पंधरा आखीन दे, पोरी. कागद सरत आले."

मृग लागला, पाऊस आला. मी गेले. म्हणाले, "रोवणा होऊ दे." आमच्याकडे धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागली की गाव सकाळी सहाला शेतात, बांधीत असतं, ते अंधार पडेपर्यंत. "रोवण्याच्या दिवसात घरी कोन असते? आवाज कोनाले देऊ?"

"आवाज कशाला द्यायचा पण? टेप लावा, मोजा, सही करा!"

तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. नोकरीला लागले तेव्हाची. एकदा आवाज न देता असेच एका मोकळ्या प्लॉटमध्ये शिरले होते. "तुराट्याच्या आडोशाले बाई आंघोळ करून राह्यली होती. तिनं लोटा फेकून मारला." त्यांनी भुवईवरची जुनी खूण दाखवली. "खाली दिसते म्हून खाली नसते. तवापासून आवाज न देता मी कुठी शिरलो नाई."

एका लोट्यापायी या माणसानं सगळ्या गावाची गती ठरवून टाकली होती.

रोवणा संपला तेव्हा पोळा अडीच आठवड्यांवर होता. मग आम्ही निघालो. पुढं बाबूजी छत्री घेऊन, मागं मी मोबाईल घेऊन, चिखलातून.

पहिला ठिपका तलावाकडच्या मोहल्ल्यात. मी फोनवर पाहत होते: पांढरी चौकोनी जागा. समोर पाहिलं तर मांडव. दोडक्याचे वेल, वाल, काकडी, कडेनं मका माणसापेक्षा उंच. बाबूजींनी चप्पल काढली, आवाज दिला. मक्यातून एक म्हातारी विळा घेऊन बाहेर आली. मी तिला योजना समजावून सांगितली, अगदी पत्रकासारखी, मुद्देसूद.

"म्हंजे माह्या सांदवाडीत घर बांधता तुम्ही," ती म्हणाली. "आन माह्या दोडक्याचा मांडव कुठी घालू? तुह्या डोक्शावर?"

सांदवाडी. घरामागचा तो तुकडा. मे महिन्यात वरून पाहा, पांढरी माती. श्रावणात पाहा, एका घराची चार महिन्यांची भाजी.

दुसरा ठिपका, सांदवाडी. तिसरा, सांदवाडी. चौथ्या ठिकाणी धान मळायचं खळं. बाबूजी माझ्याच पत्रकाच्या पाठीवर लिहीत होते: खाली नाई. खाली नाई. मी फोनमध्ये डोकं घालून पुढचा ठिपका शोधत होते, त्यामुळे आम्ही कोणत्या गल्लीत मागच्या बाजूनं शिरलोय हे माझ्या लक्षात आलं नाही. बाबूजी थांबले. चप्पल काढली.

"कोनी हाये का वो?"

वालाच्या वेलामागून माझी आई बाहेर आली.

"या ना, बाबूजी. काय काम काहाडलं?"

"जागा पाह्याले आलो, बाई. मोकळ्या जागेच्या यादीत हाये."

"कोनाच्या यादीत?"

बाबूजींनी छत्रीचं टोक माझ्याकडे केलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग मांडवाकडे. मग परत माझ्याकडे. "सरकारले देऊन राह्यली काय वं माही काकडी?"

बावीस वर्षं त्या सांदवाडीतली काकडी मी खाल्ली. आणि वरून पाहताना तिला ओळखलं नाही. बाबूजी हसले असते तर मला बरं वाटलं असतं. ते हसले नाहीत. आईनं दिलेली काकडी त्यांनी छत्रीच्या दांड्यावर पुसली, अर्धी मोडून मला दिली, आणि कागदावर लिहिलं: खाली नाई.

गल्लीच्या तोंडाशी मी भडकले. "तुम्हाला माहीत होतं! मे महिन्यातच सांगायचं होतं ना. तीन महिने घालवले!"

"सांगतलं असतं तं मानली असतीस? मी 'पावसाळ्यात पाहू' म्हटलं, तू पत्रक काहाडलं."

आजही मला वाटतं की त्यांनी सांगायला हवं होतं. समोरचा ऐकणार नाही म्हणून गप्प बसायचं, ही कुठली रीत? मी ऐकलं नसतं, भांडले असते, चार दिवसांनी स्वतः जाऊन पाहिलं असतं. तीन महिने वाचले असते. शहाण्या माणसांची ही सवय मला असह्य होते. आपलं शहाणपण ते दुसऱ्याची फजिती होईपर्यंत झाकून ठेवतात.

पण त्याच फेरीत मी आणखी एक गोष्ट पाहिली. बाजाराच्या मागे, दोन पक्क्या घरांच्या मधे, बेशरमाच्या झुडपांचं दाट रान होतं आणि त्यात एक कडुनिंब. माझ्या नकाशात तिथं ठिपका नव्हता. वरून हिरवं दिसत होतं; मी बाग समजले होते. बाबूजींनी चप्पल काढली, आवाज दिला. कोणी आलं नाही. त्यांनी परत आवाज दिला. खर्रा घोटला, खाल्ला, तिसऱ्यांदा आवाज दिला. कोणी नाही.

"हे खाली हाये," बाबूजी म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

तो जुना कोंडवाडा होता. मोकाट गुरं पकडून कोंडायची जागा, ग्रामपंचायतीच्या काळातली. भिंती केव्हाच पडल्या होत्या. बाबूजींनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातली एक गंजलेली किल्ली वेगळी धरली. "याची किल्ली माह्यापाशी हाये."

"दार कुठाय?"

"दार गेलं," ते म्हणाले. "किल्ली हाये."

मी हसत सुटले. ते गंभीर होते. मग लक्षात आलं, गावात जे पांढरं होतं ते वापरात होतं, आणि जे कोणाचंच नव्हतं त्यावर रान माजून ते हिरवं झालं होतं. मी उलटा नकाशा काढला होता. नेमका उलटा.

रेहाना आपाला मी तिथं घेऊन गेले. तिनं बेशरमात उभं राहून हातानं हवेत दाखवलं, मशीन इथी, खिडकी तिथी. समोर बाजार, शाळा दोन गल्ल्यांवर. "मले हेच पाह्यजे," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "दिवाळीच्या आधी होइन का?"

मी "होईल" म्हणाले. बाबूजींनी छत्री उचलली.

कारण त्यांना अजून शेजाऱ्यांकडे जायचं होतं. जागा मोकळी आहे हे ठरल्यावरही यांचं समाधान नाही! डाव्या घरी दोन वेळा, उजव्या घरी चार वेळा. सांडपाणी कुठून जाईल, खिडकी कोणाच्या अंगणात उघडेल, निंबाची सावली कोणाची. उजव्या घरच्या किराणा दुकानदाराला ती जागा मनातून स्वतःला हवी होती. बाबूजींनी त्याच्याकडे बसून चार दिवस चहा प्यायला आणि शेवटी त्याची सही घेतली. हरकत नाही. कुठे? माझ्या पत्रकाच्या पाठीवर.

सभेच्या दिवशी बाबूजींच्या यादीत सहा जागा होत्या. सहा.

सभागृहात हशा झाला. एक सदस्य म्हणाले, "एवढ्या मोठ्या गावात सहा? आन यायच्यासाठी वेगळा प्रस्ताव?" नदीपलीकडची वसाहत पाच मिनिटांत मंजूर झाली. आमच्या सहा जागा 'विचाराधीन'. या शब्दाचा अर्थ तुम्हाला माहीत आहे.

बाहेर व्हरांड्यात मी बाबूजींना गाठलं. आपा तिथंच बाकावर बसली होती, दोन्ही मुली शाळेच्या गणवेशात. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "तुमच्यामुळे," एवढं नक्की म्हणाले. "तुमच्या चहामुळे. वीस जागा तरी रेटून लिहायच्या होत्या, पुढचं पुढे पाहिलं असतं!"

"वीस देल्ल्या असत्या तं वीस भांडनं देल्ली असती," बाबूजी म्हणाले. "सहा देल्ल्या. सहा घरं होतीन."

"कधी?"

त्यांनी आपाकडे पाहिलं. मग खाली वाकून चप्पल घालू लागले. डावी उजव्या पायात घातली, काढली, परत घातली. ते तसेच पायऱ्या उतरून गेले.

दिवाळीनंतर आपानं खोली खाली केली. मशीन टेम्पोत चढवून ती घुग्घुसला गेली, गॅरेजच्या मागच्या एका खोलीत, जिथं धुरळ्यानं पांढरं कापड संध्याकाळपर्यंत करडं होतं. मोठ्या मुलीला तिथल्या शाळेत वर्षाच्या मधे घेतलं नाही. तिचं ते वर्ष गेलं. या वर्षाबद्दल मी बाबूजींना माफ केलेलं नाही. माझ्या नकाशालाही नाही.

मार्चअखेरीस बाबूजी निवृत्त झाले. नारळ, शाल, भाषणं. मी मुद्दाम गेले नाही. दोन दिवसांनी वाटलं, जावं. तेव्हा कळलं की हा माणूसही भाड्याच्या खोलीत राहत होता. सारी नोकरी त्याच एका खोलीत काढली होती. खोलीला कुलूप. घरमालकीण म्हणाली, "गेले ते आपल्या गावाले. भामरागडच्या पल्ल्याड." नव्या लिपिकाकडे त्यांनी दिलेल्या सामानाची यादी होती. शिक्के, टेप, कपाटं. शेवटी लिहिलं होतं: कोंडवाड्याची किल्ली, एक नग. नवा लिपिक मला विचारत होता, ही लावायची कुठे?

पुढं काय झालं ते थोडक्यात. नदीपलीकडच्या जागेला वनखात्याची परवानगी आली नाही. एक वर्ष गेलं, दुसरं निम्मं गेलं. नवे मुख्याधिकारी आले, त्यांनी विचारलं, तयार काय आहे? कपाटातून बाबूजींची फाईल निघाली. सहा जागा. प्रत्येकीचा नकाशा, पाणी कुठून जाईल, खिडकी कुठं उघडेल, चारी बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्या नाही तर अंगठे. मी समोरच बसले होते; साहेबांनी एक कागद उलटला. मागं मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'बाबूजींना घाई नाही!' त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

सगळं नव्या कागदावर उतरवून घेतलं. जाहीर सूचना लागली, हरकतींची मुदत संपली. एक हरकत आली नाही. एकही नाही. कोंडवाड्याच्या जागेचा पट्टा आपाच्या नावानं वाटला, तेव्हा किराणा दुकानदार तर पुढच्या रांगेत होता.

हे बाबूजींना सांगायचं होतं. फोन लागेना, पावसात तिकडचा रस्ताच बंद असतो. मी पत्र टाकलं. उत्तर नाही. पाणी उतरल्यावर भामरागडच्या बसच्या कंडक्टरला विचारलं, तर तो तिकीट फाडत म्हणाला, "बाबूजी? ते तं गेले नं. रोवण्यातच गेले. तुमाले मालूम नाई?"

पत्र मिळालं होतं की नाही, कोण सांगणार. म्हणजे शेवटचा शब्दसुद्धा मी त्यांना व्हरांड्यातच बोलले होते. घाई नसलेल्या माणसानं नेमकी इथं घाई केली.

गेल्या महिन्यात कोंडवाड्यावर गेले. निंब राखलाय, बाबूजींच्या नकाशाप्रमाणे. भिंती उभ्या झाल्यात, स्लॅब पडलाय, चौकट बसली आहे, दार अजून नाही. आत पाण्याचा आवाज येत होता. मी सरळ आत जाणार होते. गेलेच असते. पण पाय उंबऱ्याशी थांबले. मी चप्पल काढली आणि मोठ्यानं आवाज दिला,

"कोनी हाये का वो?"

पाणी थांबलं. आतून रेहाना आपाचा आवाज आला, "हाव, हाये नं! ये!" मग ती स्वतःच चौकटीत आली, हातात पाइप, सलवार पोटरीपर्यंत दुमडलेली, भिंतींना पाणी मारून ओलीचिंब. माझ्या पायांकडे पाहून म्हणाली, "चप्पल काऊन काढली वं? फरशी कुठी पडली अजून? पायाले गिट्टी लागन."

"लागू दे," मी म्हणाले, आणि आत गेले.